बिनठोशाची सुवर्णपदकं

आमच्याकडची एक शालेय बॉक्सिंग स्पर्धा सकाळी दहाला सुरू झाली आणि साडेअकराला संपली. तेवढ्या वेळात पाहुण्यांचं स्वागत झालं, नारळ फुटला, दोन भाषणं झाली, मुलामुलींचे सगळे वजनगट उरकले आणि पदकंही वाटून झाली. माईकवाला माझ्याजवळ आला आणि त्यानं हळूच विचारलं की सर, बॉक्सिंग किती वाजता आहे? त्याचा काही दोष नव्हता. अख्ख्या स्पर्धेत कोणी कोणाला एक ठोसा मारला नव्हता.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉक्सिंगमध्ये वजनाप्रमाणे गट असतात. एखाद्या गटात एकाच खेळाडूचं नाव आलं तर तो न लढता विजयी ठरतो. मात्र त्यानं पूर्ण पोशाखात, ग्लोव्हज घालून रिंगमध्ये यायचं. घंटा वाजवायची. समोर कोणी नाही हे सगळ्यांनी बघायचं आणि मग रेफरीनं त्याचा हात वर करायचा. याला वॉकओव्हर म्हणतात. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोक्यात अडीनडीची वेळ असणार, कोणाला ताप आला, कोणाची गाडी चुकली. त्या दिवशी रेफरी मीच होतो आणि एकामागून एक हात वर करत होतो. एका पोरानं डावा ग्लोव्ह उजव्या हातात आणि उजवा डाव्या हातात घातला होता, अंगठे बाहेरच्या बाजूला. मी त्याचाही हात वर केला. दुसऱ्या दिवशी पेपरात विजेता म्हणून त्याचा फोटो आला. फोटोतही ग्लोव्हज उलटेच होते.

मी एकतीस वर्षं रिसोडच्या एका शाळेत पीटीचा सर होतो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन केला तेव्हा नोकरीतल्या गोड आठवणी लिहा असं सांगितलं. गोड आठवणी ज्यांच्याकडे असतील ते लिहितील. माझ्याकडे राग आहे, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवरचा आहे.

या एकतीस वर्षांत लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. मारामारीत कसलं आलं शिक्षण? जो जास्त मारतो तो जिंकतो, झालं. स्टाफरूममध्ये हे ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, सासुरवाडीलाही ऐकलं. गणिताच्या सरांना कोणी म्हणत नाही की आकडेमोडीत कसलं शिक्षण, उत्तर बरोबर आलं म्हणजे झालं. त्यांच्या पेपरात तर उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. आम्हाला मात्र निकाल विचारतात. यंदा किती पोरं विभागाला गेली, किती राज्याला गेली, बस. ती कशी गेली हे एकाही मुख्याध्यापकानं मला कधी विचारलं नाही.

म्हणून जरा शिकवतोच. ठोसा हातातून निघत नाही. तो मागच्या पायाच्या टाचेतून निघतो, कमरेत वळतो आणि हातातून फक्त बाहेर पडतो. त्यामुळे माझ्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिले दोन महिने ग्लोव्हज मिळत नसत. नुसते पाय. डावा पुढे, उजवा मागे, हनुवटी खाली, आणि खडूच्या चौकोनात पुढे, मागे, बाजूला सरकायचं, पाय एकमेकांत न अडकवता. आमची तालीम सकाळी सहाला बाजार समितीच्या लिलावाच्या शेडमध्ये चाले, कारण तिथली फरशी सपाट होती आणि तेवढ्या सकाळी शेड रिकामं असे. फरशीवर सोयाबीनचे दाणे सांडलेले असत आणि त्यांच्यावरून पाय हमखास घसरे. म्हणून आमच्या बॉक्सिंगचा पहिला धडा म्हणजे झाडू. ठोसे मारायची बॅग आम्ही कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, जुनी लुगडी आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरून बनवली होती. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण त्या बॅगेवर तयार झालेली पोरं चांगली उभी राहत.

तेव्हा लोक बघायलाही येत. जत्रेच्या दिवसांत आम्ही चार खांब रोवून, दोरखंड बांधून रिंग करायचो आणि खाली एका जैन शेठजींच्या गोदामातली ताडपत्री अंथरायचो. हे शेठजी माझ्या आयुष्यातले सगळ्यात अजब प्रेक्षक. सूर्यास्तानंतर जेवत नसत, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालत, आणि बॉक्सिंगला मात्र पहिल्या खुर्चीवर. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, शेठजी, तुम्ही अहिंसावाले, हे ठोसे कसे बघवतात तुम्हाला? ते म्हणाले, "मारणं कोण पाहते, सर? मी चुकवणं पाहतो."

इतक्या वर्षांत बॉक्सिंग ज्याला खरोखर कळलं असा माणूस मला तो एकच भेटला, आणि त्याचा धंदा तुरीच्या डाळीचा. आता शेठजी नाहीत, ती जत्रेतली रिंगही नाही. मोबाईलवर नॉकआऊटचे पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे सगळे बघतात. माणूस पडला की पुढचा व्हिडिओ. त्या पंधरा सेकंदांच्या आधी दोघांनी एकमेकांचं काय काय चुकवलं ते बघायला कोणाला वेळ नाही. आणि लोक विचारतात की बॉक्सिंग मागे काहून पडलं.

पण मोबाईलवर सगळं ढकलून मी सुटणार नाही. बॉक्सिंगचा जीव आम्ही घेतला, आम्ही म्हणजे शिकवणाऱ्यांनी.

झालं असं. खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. राज्य पातळीवर पदक असलं तर भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो. हे चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण मग गिऱ्हाईकं यायला लागली. एक सद्गृहस्थ बारावीतल्या मुलाला घेऊन आले आणि म्हणाले की सर, कोणता खेळ सोपा आहे? मी म्हटलं, सोपा एकही नाही. ते म्हणाले, म्हणजे ज्यात गर्दी कमी आहे असा. क्रिकेट, कबड्डीत गर्दी आहे. बॉक्सिंगमध्ये गर्दी नाही, कारण मार लागतो. आणि मार लागायला समोर कोणी असावं लागतं. तेवढं टाळलं की काम झालं.

ते टाळायची जी पद्धत आम्ही काढली ती सांगताना मला लाज वाटते. नावं द्यायची तारीख जवळ आली की सर लोकांचे एकमेकांना फोन सुरू होत. तुमच्याकडे अठ्ठेचाळीस किलोमध्ये कोण आहे? मग असं करा, तुम्ही अठ्ठेचाळीस सोडा, आम्ही बावन्न सोडतो. पोराचं वजन जरा इकडे-तिकडे करायचं, रिकाम्या गटात बसवायचं, आणि दोन्ही शाळांना सुवर्णपदक. कोणाचं नाक फुटत नाही, कोणाचे आईबाप भांडायला येत नाहीत, मुख्याध्यापक खूश, संस्थाचालक खूश, शाळेच्या फाटकावर फलक. साडेअकराला संपलेली ती स्पर्धा अशी आकाराला आली होती. त्यातले किती फोन मला आले आणि किती मी केले हे विचारू नका. दोन्ही झाले, एवढंच सांगतो.

मोनालीच्या वेळेपर्यंत मला यात काही फार मोठं पाप वाटत नव्हतं.

मोनालीचे वडील विष्णूभाऊ बाजार समितीत हमाल. मूळचे मेडशीचे, काम रिसोडला म्हणून बिऱ्हाड इकडे. सकाळी बापाचा डबा घेऊन येणारी ही आठवीतली पोर शेडच्या खांबाला टेकून आमची तालीम बघत उभी राही. महिनाभर नुसती बघत होती. एक दिवस मी तिला खडूच्या चौकोनात उभं केलं तर पोरीला सगळी पावलं पाठ. पुढे सहा महिन्यांत ती अशी सरकायला लागली की तिच्यापेक्षा मोठ्या पोरांचे ठोसे हवेत जात. समोरच्याचा खांदा हलला की हिचं डोकं तिथून गेलेलं असे. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली. तिच्यासारखे पाय एकाचेही नव्हते. मला तिचा गर्व होता आणि मी तो लपवत नसे.

अशा पोरीला मी लढवायला हवं होतं. मी काय केलं? नववीत फोनाफोनी करून तिच्या गटात दुसरी कोणी येऊ दिली नाही, वॉकओव्हर. दहावीत पुन्हा तेच. दोन्ही वर्षी विभागाला परीक्षा आडवी आली म्हणून शाळेनं पाठवलं नाही. अकरावीला मात्र तिच्या एक्कावन्न किलोच्या गटात कारंज्याकडची एक मुलगी होती, धनजची कल्याणी. तिच्या सरांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, माझ्यासारखाच होता. म्हणाले, दोघी चांगल्या आहेत सर, आपसांत कशाला झिजवायच्या? तुमची वर सरकवा, दोघी विभागाला जातील. मला ते शहाणपणाचं वाटलं. मी मोनालीला चोपन्नच्या गटात टाकलं आणि तिसऱ्यांदा रिकाम्या रिंगमध्ये तिचा हात वर झाला.

विभागाला तिच्यासमोर जी मुलगी आली ती खरी चोपन्न किलोची होती आणि तिच्या अंगावर लढतींचा सराव दिसत होता. पहिला राउंड मोनालीचा. ती मुलगी मारत होती आणि मोनाली तिथे नव्हतीच. बाहेरगावचे प्रशिक्षक मला विचारायला आले की ही कुठली? माझी मान ताठ झाली. दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला एक सरळ उजवा मोनालीच्या नाकावर बसला. फार जोराचा नव्हता. पण स्पर्धेत तिला लागलेला तो आयुष्यातला पहिला ठोसा होता. ती थांबली. तिनं हात खाली केले, समोरच्या मुलीकडे पाठ केली आणि ती माझ्याकडे बघत राहिली. रेफरीनं आठपर्यंत मोजलं, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि लढत थांबवली.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी समजूत घालत होतो, तंत्रात तू सरस होतीस, अमुक होतं, तमुक होतं. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सर, तुमी मले मार चुकवाले शिकवलं. लागल्यावर काय करावं ते काहून नाई शिकवलं?"

याला उत्तर होतं, पण ते देण्याची माझी हिंमत नव्हती. लागल्यावर काय करायचं ते शिकवता येत नाही, ते लागूनच शिकावं लागतं. नववीत एकदा, दहावीत दोनदा असा थोडा थोडा मार तिला जिल्ह्यातच लागला असता तर त्या दिवशी ती वळली नसती. ती संधी मीच फोनवर देऊन टाकली होती. तंत्र मोठं की निकाल मोठा, यावर वाद घालण्यात मी जन्म काढला आणि त्या दोन्हींच्या मधली जी लढत असते, तीच मी पोरीच्या ताटातून काढून घेतली.

एवढं कळल्यावर माणूस सुधारतो असं गोष्टींत असतं. मी सुधारलो नाही.

पुढचं वर्ष तिचं बारावीचं, म्हणजे शालेय स्पर्धेचं शेवटचं. माझ्याही नोकरीचं शेवटचं. विष्णूभाऊंनी आणि मोनालीनं पोलीस भरतीचं ठरवलं होतं. राज्याला जाऊन पदक आलं तर खेळाडूंच्या जागेवर अर्ज, नाहीतर मग सगळ्या गर्दीत एक. विष्णूभाऊ शेडमध्ये येऊन मला हात जोडून म्हणाले, "सर, डावपेच तुमच्यापाशी ठेवा. तिले राज्याले न्या, बाकी मले काई समजत नाई." आणि मला ते पटलं. आयुष्यभर पाठीवर ओझं वाहिलेला माणूस पोरीसाठी सरकारी नोकरी मागतो, त्याला मी टाचेतून निघणारा ठोसा काय समजावणार?

धनजच्या सरांचा फोन आला. कल्याणी एक्कावन्नमध्येच होती. मागच्या वर्षी केलं तसंच करू, ते म्हणाले. चौकशी केली तर चोपन्नमध्ये जिल्ह्यात एकही नाव नव्हतं आणि विभागालाही गेल्या वर्षीची ती मुलगी वयामुळे बाद झाली होती. रस्ता थेट राज्यापर्यंत मोकळा दिसत होता. मी हो म्हटलं. मोनालीला विचारलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी तिचं वजन पन्नासच्या जरा वर होतं. चोपन्नच्या गटात बसायला एक्कावन्नच्या वर जावं लागतं. त्यासाठीची आमची जुनी युक्ती म्हणजे केळी आणि पाणी. काट्यावर चढायच्या आधी डझनभर केळी खायची, दोन बाटल्या पाणी प्यायचं, आणि काट्यावरून उतरलं की मोकळं व्हायचं. मी केळी घेऊन गेलो होतो. विष्णूभाऊ त्या दिवशी काम बुडवून आले होते आणि बाटली धरून उभे होते. मोनालीनं दोन केळी खाल्ली आणि मला विचारलं की चोपन्नमध्ये कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. आणि एक्कावन्नमध्ये? मी म्हटलं, कल्याणी.

तिनं उरलेली केळी बाजूला बसलेल्या कबड्डीच्या पोरींना देऊन टाकली. म्हणाली, "मंग मले एक्कावन्नमध्येच राहू द्या."

मी तिला रागावलो. बापासमोर, इतर पोरींसमोर रागावलो. काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते माझं मलाच पुन्हा वाचायचं आहे. मी म्हणालो, "तंत्र घरी दाखव. इथं निकाल पाहिजे." जे वाक्य ऐकून मी एकतीस वर्षं जळलो, तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि तेही माझ्या सगळ्यात चांगल्या पोरीसाठी. विष्णूभाऊ माझ्या बाजूनं बोलायला लागले, मग ओरडायला लागले. ती सरळ काट्यावर जाऊन उभी राहिली. कागदावर नाव चोपन्नमध्ये होतं, पण शेवटचा शब्द काट्याचा असतो. पन्नास किलो चारशे ग्रॅम. गट एक्कावन्न.

त्या दिवशीही एकामागून एक हात वर होत होते. चोपन्नच्या रिकाम्या गटात कोणीतरी घाईनं आपली एक मुलगी वजन करून उभी केली आणि तिचाही हात वर झाला. लोक खुर्च्या आवरायला लागले होते. तेवढ्यात दोन कोपऱ्यांत दोन मुली येऊन उभ्या राहिल्या आणि घंटा वाजल्यावर त्यांनी खरोखर एकमेकींना मारलं. खुर्च्या आवरणारी पोरं थांबली. कबड्डीच्या पोरी आल्या, चहावाला आला, बाहेर उभे असलेले जीपवाले आले. रिंगभोवती इतकी माणसं मी जत्रेच्या दिवसांनंतर प्रथमच बघत होतो. लोकांना बॉक्सिंग नको झालंय असं जे म्हणतात त्यांनी त्या दिवशी यायला हवं होतं. लोकांना कोणी दाखवलंच नाही तर ते काय बघतील?

पहिला राउंड मोनालीचा, यात वाद नाही. दुसऱ्यात कल्याणी आत शिरली. पोर धिप्पाड नव्हती, पण धीट होती. जवळ येऊन तिनं एक डावा पोटात आणि त्यामागोमाग उजवा नाकावर दिला. रक्त आलं. मोनालीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात टॉवेल होता, तो रिंगमध्ये टाकला की लढत संपते. मी तो घट्ट धरून ठेवला, पण टाकायचा नाही म्हणून धरला की टाकायचा म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. क्षणभरच तिनं पाहिलं. मग ती परत समोर वळली आणि तिनं डावा हात पुढे टाकला.

तिसऱ्या राउंडमध्ये दोघींचेही पाय जड झाले होते. मी शिकवलेलं निम्मं कुठे गेलं होतं कोण जाणे. हनुवटी वर, कोपरं बाहेर. पण दर वेळी लागल्यावर ती उलटून मारत होती, आणि मधेच एकदा तिनं तीन ठोसे असे चुकवले की चहावाल्याच्या तोंडून शिवी निघाली, कौतुकाची.

पाच पंच होते. तिघांनी कल्याणीला दिलं, दोघांनी मोनालीला. मी पंच असतो तर मीही कल्याणीलाच दिलं असतं, हे इथं कबूल करतो. दुसरा राउंड तिनं फार मोठ्या फरकानं घेतला होता. निकालावर माझा राग नाही. राग याच्यावर आहे की त्या दिवशी ज्यांनी बोटही हलवलं नाही ते गळ्यात पदकं घालून विभागाला गेले आणि खरोखर लढलेल्या दोघींपैकी एक नाकाला कापूस लावून घरी आली. धनजचे सर आवराआवर करून निघाले. जाता जाता एवढंच म्हणाले की दोघींपैकी एक उगाच वाया घालवली. सकाळपर्यंत मीही तेच म्हणत होतो.

रिसोडला एस.टी.तून उतरल्यावर विष्णूभाऊंनी पिशवी खाली ठेवली. बसस्टँडवरच त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सर, तुमाले पेन्शन हाय. हिले काय हाय?"

ज्यांचं पोट हातावर आहे त्यांनी निकाल मागितला तर त्यांना तंत्राच्या गोष्टी सांगणारा मी कोण? तुम्ही निकालाच्या मागे लागता म्हणून खेळ मेला, असं मी मुख्याध्यापकांना म्हणेन, संस्थाचालकांना म्हणेन. विष्णूभाऊंना म्हणू शकत नाही.

बोलली ती मोनाली. कापूस नाकात होता त्यामुळे आवाज बसल्यासारखा येत होता. म्हणाली, "बाबा, सरायले नका बोलू. ते लढू नकोच म्हनत होते." आणि मग, "तीन वर्सं मी जिंकली. तुमी मार्केटात कोनाले सांगतलं का, माही पोरगी जिंकली म्हून?"

विष्णूभाऊंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते? पोरगी गेली, उभी राहिली, हात वर झाला, परत आली.

"आज सांगा," ती म्हणाली. "हरली म्हून सांगा."

त्यांनी पिशवी उचलली आणि दोघं घराकडे गेली. माझ्याकडे वळून कोणी पाहिलं नाही. मोनालीनं पुढे सर्वांच्या गर्दीतूनच भरतीचा फॉर्म भरला आहे. निकाल अजून लागायचा आहे आणि तो काय लागेल हे मी सांगू शकत नाही. तिचं नुकसान झालं का, तर झालं. ते माझ्यामुळे झालं की तिच्या हट्टामुळे, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. पहिल्या तीन वर्षांचं माझं, एवढं नक्की.

त्या स्पर्धेनंतर चार-पाच दिवसांनी शेडमधली आमची बॅग काढून आणायला मी बाजार समितीत गेलो. सोयाबीनची आवक जोरात होती, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कट्ट्यांच्या थप्पीपाशी आठ-दहा हमाल बिड्या ओढत बसले होते आणि त्यांच्यामध्ये विष्णूभाऊ उभे होते. डावा पाय पुढे, उजवा मागे, हनुवटी खाली. ते पहिल्या राउंडमध्ये पोरगी कशी सरकत होती ते करून दाखवत होते, आणि करताना त्यांचा पाय दाण्यांवरून घसरत होता. कोणीतरी विचारलं, मंग जिंकली का? ते म्हणाले, "थांब ना लेका, अजून दोन राउंड हायेत."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी तोंड फिरवलं, मुठी पुन्हा गालाशी आणल्या आणि दुसरा राउंड सांगायला घेतला.